चौथ्या चालीला राजा सरकला

१

चोरी झाली आहे हे मला चौथ्या चालीलाच कळलं. बाकीच्यांना डाव संपल्यावर कळलं, आणि त्यांची चोरी वेगळी होती.

मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारची रॅपिड, म्हणजे झटपट बुद्धिबळाची स्पर्धा होती. मे महिना. पंखे सगळे चालू, तरी शर्ट पाठीला चिकटत होता. मी तिथे मदतनीस पंच. म्हणजे पट मांडायचे, घड्याळं लावायची, कोणी बोलायला लागलं की जवळ जाऊन उभं राहायचं. मुख्य पंच लुईस परेरा. तो मरोळचा, माझा जुना दोस्त. जानकी गेल्यापासून तो मला रविवारी घरी बसू देत नाही, कुठल्या ना कुठल्या हॉलमध्ये ओढून नेतो.

जानकी माझी बायको. गेल्या पावसाळ्यात गेली. बुद्धिबळ तिचं. टेलिफोन ऑफिसच्या टीममध्ये ती पहिल्या पटावर बसायची. मी तिच्यामुळे शिकलो, तेही अर्धवट.

चौथ्या फेरीत पहिल्या पटावर सुशांत काळे मोहरे घेऊन बसला होता. पवईला एका मोठ्या ऑफिसात इंजिनियर आहे, रेटिंग चांगलं. समोर भांडुपची अक्षता परब. विशी ओलांडलेली मुलगी. नाव कोणी ऐकलेलं नाही, पण सकाळपासून एकही डाव हरली नव्हती.

दोघांनी राजापुढची प्यादी काढली, मग घोडे, मग उंट. शाळेतली पोरंही असंच खेळतात. यापुढे पांढऱ्याने कॅसलिंग करून राजा सुरक्षित ठेवायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. अक्षताने डोळे मिटले. तिचा डावा हात टेबलावर सरळ पसरलेला होता, तळवा वर, लांब बाही मनगटापर्यंत ओढलेली. तो तिने जरासुद्धा हलवला नाही. मग डोळे उघडले, उजव्या हाताने राजा उचलला आणि शेजारच्या घरात ठेवला.

सुशांत हसला. राजा एकदा हलला की कॅसलिंग गेलं. असं स्वतःहून कोणी करत नाही.

मला हसू आलं नाही. ती चाल जानकीची होती.

जगात दुसरं कोणी ती खेळलंच नसेल असं मी म्हणत नाही. पण चौथ्या चालीला राजा एक घर, मग कोपऱ्यातल्या हत्तीपुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा फुकट मारायला द्यायचा, हे सगळं एका माळेत मी फक्त आमच्या स्वयंपाकघरात बघितलं होतं. राजा सरकतो, पण हत्ती कोपऱ्यातच राहतो. समोरच्याने घोडा मारला की आपलं प्यादं परत मारतं आणि हत्तीपुढची रांग मोकळी होते. त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला काळा राजा बसलेला असतो. जानकीने आजारपणात बसून हे बसवलं होतं.

मी तिथेच उभा राहिलो. प्यादं दोन घरं गेलं. घोडा पुढे आला. सुशांतने खूप विचार केला आणि घोडा मारला. मला पुढचं सगळं दिसत होतं, आणि तसंच झालं.

सुशांतने डाव सोडला आणि हात पुढे केला. अक्षताने उजवा हात दिला. तो काहीतरी विचारायला पुढे झुकला आणि दुसऱ्या हाताने त्याने तिचा डावा हात बाहीवरूनच धरला. लगेच सोडला, चटका बसल्यासारखा.

"सर," तो लुईसला म्हणाला, "हिच्या बाहीत मशीन आहे. थरथरतंय."

२

हल्ली असं काही झालं की आधी सगळे मोबाईलवर लिहितात आणि मग विचार करतात. म्हणून लुईसने हॉलचं दार लावून घेतलं आणि जेवणाची सुट्टी लवकर दिली. आम्ही शिक्षकांच्या खोलीत गेलो. लुईस, मी, सुशांत, अक्षता, आणि लुईसची मुलगी मेलनी. सकाळी नावनोंदणी आणि तपासणी मेलनीनेच केली होती.

मेलनीने तपासणीचं यंत्र अक्षताच्या डाव्या हातावरून फिरवलं. ते वाजलं नाही. उलट फिरवलं. नाही वाजलं. शेवटी स्वतःच्या अंगठीजवळ नेलं तेव्हा ते लगेच ओरडलं. म्हणजे यंत्र बरोबर होतं.

"सकाळी पण क्लिअर होती," मेलनी म्हणाली. "दोनदा बघितलं, डॅडी. एवढ्या गरमीत फुल बाही, म्हणून मुद्दाम."

सुशांत म्हणाला की मग प्लास्टिकचं काहीतरी असेल, आजकाल काहीही मिळतं. आवाज चढलेला होता, पण तो खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं. हरलेला माणूस नाटक करतो तेव्हा ते दिसतं. हा घाबरलेला दिसत होता.

लुईसने अक्षताला बाही वर करायला सांगितली. खोलीत फक्त मेलनी थांबेल, आम्ही बाहेर जाऊ, असंही म्हणाला.

"नाही करणार," अक्षता म्हणाली.

"अगं, दोन सेकंदांचं काम आहे."

"यंत्र वाजलं नाही ना? मग झालं की. मी जिंकले आहे, सर. ते लिहा."

लुईसने तिला शांतपणे नियम सांगितला. तक्रार झाली की पंच तपासणी मागू शकतो. नाही दिली तर डाव जातो, स्पर्धेतून नाव जातं, आणि राज्य संघटनेला कळवावं लागतं. मग पुढची काही वर्षं कुठेच खेळता येणार नाही. अक्षताने सगळं ऐकून घेतलं. डोळे भरले, पण हात पोटाशी धरून बसली ती बसलीच.

लुईस मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला.

"सहदेव, ती राजाची चाल."

"हो."

"जानकीची ना ती? तुझ्या घरी मला त्याच चालीने धुतलं होतं तिने. तिसऱ्यांच्या सारात हात बुडवून बसलो होतो मी, तोवर मेलो."

मी मान हलवली.

"मग हिला कुठून मिळाली?"

तेच तर मला कळत नव्हतं. लुईस म्हणाला, सुट्टी संपेपर्यंत तू बघ काय ते. ऐकलं तर ती तुझंच ऐकेल, मी मुख्य पंच म्हणून मला घाबरते. सुट्टी संपली की मला निकाल लावावा लागेल.

"आणि एक लक्षात ठेव," तो म्हणाला. "तुला चोर शोधायचाय. मला शोधायचंय की चोरी झाली का."

३

तो बरोबर बोलला होता. मला चोर हवा होता.

जानकीकडून माझ्याकडे फार काही उरलेलं नाही. साड्या तिच्या बहिणीने नेल्या. आवाज मी रेकॉर्ड केला नाही. उरली होती ती फक्त ती चाल. ती तिने कुठे लिहून ठेवली नव्हती, म्हणायची, डोक्यात राहील तेवढंच खरं. तिच्यामागे ती माझ्या डोक्यात होती, आणि लुईसच्या थोडी. आता कोणी परकी मुलगी ती घेऊन पहिल्या पटावर बसली होती.

आधी सुशांतला गाठलं. तो पायरीवर बसून स्पर्धेतलं फुकटचं नारळपाणी पीत होता.

त्याने तेच परत सांगितलं. डोळे मिटून बसते, काहीतरी ऐकत असल्यासारखी. हात हलवत नाही. मी विचारलं, थरथर कशी होती? एकदा, दोनदा, थांबून?

"नाही काका, तेच तर. फोन सायलेंटवर असला की घुं घुं करून थांबतो ना, तसं नाही. हे थांबतच नव्हतं. सलग." मग म्हणाला, "आणि गरम होतं."

"आणि कॉम्प्युटर ती राजाची चाल खेळेल?"

त्याने नारळपाणी खाली ठेवलं. "नाही," म्हणाला. "कुठलंच इंजिन नाही खेळणार. म्हणून तर मी हसलो. मग माझं डोकंच फिरलं. वाट लागली."

मग सुबोध. तो जानकीच्या बहिणीचा मुलगा. घाटकोपरला क्लास घेतो, पोरांना ओपनिंग शिकवतो, आज स्पर्धेतही खेळत होता. आजारपणात तो अधूनमधून मावशीशी डाव मांडायला यायचा. घरात येऊन ती चाल उचलू शकेल असा माणूस मला हाच सुचत होता. आणि भांडुप ते घाटकोपर काही लांब नाही.

"तुझ्या क्लासला येते का रे ती?"

"कोण, ती अक्षता? आज पहिल्यांदा बघतोय."

"चाल तू दिलीस."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

"काका, मावशीने मला ती कधी दाखवलीच नाही. मागितली होती मी. म्हणाली, तू बाजारात मांडशील." तो हसला, पण नीट नाही. "आणि एकदा म्हणाली, ज्याला द्यायची त्याला दिलीये."

"कोणाला?"

"मला वाटलं, तुम्हाला."

मी व्हरांड्याच्या कठड्याला टेकलो. मला ती चाल दिली म्हणणं म्हणजे मांजराला कुलपाची चावी देणं, वापरता कुठे येणार. मी बघितली होती एवढंच.

कोणाला दिली असेल? शेवटची तीन वर्षं जानकी कुठे जात नव्हती. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. घर आणि डायलिसिस, बस्स. मी स्कूटरवर सोडायचो. सेंटर दुसऱ्या मजल्यावर होतं, वर नातेवाइकांना बसू देत नाहीत. मी खाली रसवंतीच्या बाकावर बसायचो. ती वर खुर्चीवर चार तास काय करते हे मी एकदा विचारलं होतं. "डोळे मिटून बुद्धिबळ खेळते," म्हणाली. मला ते आवडलं होतं. मनातल्या मनात खेळत असेल, वेळ जात असेल.

घरीही दिवस ठरलेला. सकाळी उठलं की मी आधी तिचा हात हातात घ्यायचो, मग चहा. तिला अर्धा कप.

मग कोणाला? हॉलच्या दाराशी मेलनी उभी होती. तिला विचारलं, सकाळी त्या मुलीचं काही वेगळं वाटलं का?

मेलनीने सांगितलं की खेळाडूंच्या मनगटाला कागदी पट्टा बांधताना अक्षताने डावा हात मागे घेतला होता. डाव्याला काही घट्ट नको, म्हणाली. उजव्याला बांधा.

४

अक्षता शिक्षकांच्या खोलीतच होती. तिच्यापुढे आयोजकांनी दिलेला खाऊ तसाच पडला होता. वडापाव, केळं, नारळपाण्याचं पाकीट. वडापावातला पाव तेवढा खाल्लेला.

मी समोर बसलो. म्हटलं, मी तपासायला आलो नाही. मला फक्त ती राजाची चाल कुठली ते सांग.

तिला आश्चर्य वाटलं. सकाळपासून सगळे हाताबद्दल विचारत होते, चालीबद्दल कोणी नाही.

"आवडली तुम्हाला?"

"कुठे शिकलीस?"

"एका काकूंनी शिकवली."

"कुठल्या काकू?"

तिने मान फिरवली. म्हणाली, ते नाही सांगणार. सांगितलं तर बाकीचं पण सांगावं लागेल.

मला राग आला. माझ्या बायकोची वस्तू हातात घेऊन कोणी मला ओळख दाखवत नाही असं वाटलं. मी जरा कडक आवाजात विचारलं की त्या काकूंनी पटावर किती वेळा खेळून दाखवली, कोणाच्या घरी?

"पट नव्हता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पट नव्हताच. तोंडी खेळायचो. डोळे मिटून. मी तर आधी मोहरे कसे चालतात तेवढंच जाणत होते. डोळे उघडे ठेवून खेळायला मी नंतर शिकले, काका. अजून अडचण आली की मिटते. आतला पट मला जास्त नीट दिसतो."

गरमीमुळे तिचे ओठ सुकले होते. मी टेबलावरच्या जगमधलं पाणी ग्लासात ओतायला लागलो. तिने उजवा हात ग्लासावर आडवा धरला.

"बास. दोनच घोट."

ती दोन घोट प्यायली आणि ग्लास लांब सरकवला. स्वतःला मोह होऊ नये म्हणून सरकवतात तसा.

"त्या काकू राजाची चाल करताना काय म्हणायच्या माहीत आहे?" ती म्हणाली. आता तिचा चेहरा जरा सैल झाला होता. "म्हणायच्या, राजाला जरा सरकून बसू दे. तो पण एका जागी कंटाळला असेल."

मी उठलो. तिला काही न सांगता बाहेर आलो.

५

व्हरांड्याच्या टोकाला पाण्याचे नळ आहेत. तिथे तोंडावर पाणी मारलं.

राजाला जरा सरकून बसू दे. हे वाक्य जानकी घरी फक्त माझ्यासमोर बोलायची, लुईससमोर कधी नाही. सुबोधसमोर नाही. ही मुलगी जानकीला भेटली होती, आणि एकदा नाही, खूप वेळा. पण कुठे? जानकीच्या सगळ्या वाटा मला माहीत होत्या. घर, स्कूटर, जिना. त्यात ही मुलगी कुठेच बसत नव्हती.

मी सुशांतवर विश्वास ठेवायचं ठरवलं. आणि यंत्रावरही. आणि मुलीवरही. तिघंही खरं बोलत असतील तर काय होतं, ते बघू म्हटलं.

यंत्र वाजलं नाही, म्हणजे बाहीत धातू नाही. बॅटरी नाही, तार नाही. म्हणजे मशीन नाही.

सुशांतला थरथर लागली, ती सलग होती. कोणाला खूण करायची तर थरथर थांबली पाहिजे. एकदा म्हणजे हे, दोनदा म्हणजे ते. जी थांबतच नाही ती काही सांगत नसते. म्हणजे ती खूण नाही.

राजाची चाल कॉम्प्युटर खेळत नाही. म्हणजे ती माणसाकडून आली.

मग मशीन नाही, खूण नाही, आणि तरी हात थरथरतो. गरम लागतो. त्या हाताला घट्ट पट्टा चालत नाही. तो तळवा वर करून पसरून ठेवायचा, तासन् तास हलवायचा नाही. मेमध्ये दोनच घोट पाणी. नारळपाणी नको, केळं नको, बटाटा नको.

हे सगळं मी रोज बघितलं होतं. इतकं रोज, की घराबाहेर दिसल्यावर ओळखता आलं नाही. शिवाय हा किडन्यांचा आजार, ज्यात पाणीसुद्धा मोजून प्यायचं आणि केळं-बटाटा वर्ज्य, माझ्यासाठी जानकीचा होता. विशीतल्या, पहिल्या पटावर जिंकणाऱ्या मुलीचा तो असू शकतो हे माझ्या डोक्यातच येत नव्हतं.

डायलिसिससाठी जानकीच्या हाताची एक नस दुसरीला जोडली होती. फिस्टुला म्हणतात. त्यात रक्त इतकं जोरात धावतं की वरून बोटं ठेवली तर मांजर गुरगुरतं तसं लागतं. ते बंद पडलं तर लगेच दवाखाना गाठायचा. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी उठल्याबरोबर हात लावून बघा. मी बघायचो. "चालू आहे," म्हणायचो. मग चहा ठेवायचो.

मी परत खोलीकडे निघालो तेव्हा लुईस समोरून येत होता. हातातलं घड्याळ दाखवत म्हणाला, वेळ झाली.

"अजून एक प्रश्न," मी म्हटलं. "एकच."

६

मी दार लोटलं आणि खुर्चीवरही बसलो नाही.

"तुझा वार कुठला? सोम-बुध-शुक्र, की मंगळ-गुरु-शनि?"

ती माझ्याकडे बघत राहिली. हा प्रश्न बाहेरचं कोणी विचारत नाही. बाहेरच्यांना असे वार असतात हेच माहीत नसतं.

"मंगळ-गुरु-शनि," ती हळूच म्हणाली. "सकाळची शिफ्ट."

"खिडकीजवळची खुर्ची?" त्या खुर्चीबद्दल जानकी घरी सांगायची.

"ती काकूंची. माझी तिच्या बाजूची."

म्हणजे चार तास दोघी शेजारी शेजारी, एकेक हात मशीनला बांधलेला, डोळे मिटून खेळत होत्या. आणि मी खाली रस पीत होतो.

मी विचारलं, हे आधीच सांगितलं का नाहीस? ती म्हणाली की पहिल्या नोकरीत सांगितलं तर त्यांनी महिन्याभरात काढलं. आता जिथे आहे तिथे कोणाला माहीत नाही. आणि पटावर तर अजिबात नको.

"एकदा कळलं की लोक सोडून देतात, काका. घोडा मारायचा असतो तो मारत नाहीत. बिचारी म्हणतात. मला सुशांतला खरं हरवायचं होतं."

"पण आता बंदी येईल त्याचं काय?"

ती बाहीचं टोक बोटाने दुमडत, सोडत बसली. मग म्हणाली, "दोघांनाच दाखवीन. सर आणि तो. आणि त्यांनी बाहेर बोलायचं नाही."

मी लुईसला आणि सुशांतला आत घेतलं. दार लावलं. अक्षताने बाही कोपराच्या वर नेली. कोपराजवळ नस दोरीसारखी फुगलेली होती, सुयांच्या खुणा एकाखाली एक. सुशांत बघून मागे सरकला. तिने त्याला म्हटलं, हात लाव, घाबरू नकोस, तूच पकडलंस ना? त्याने दोन बोटं ठेवली. ठेवली आणि तशीच ठेवून उभा राहिला.

"हे रक्त आहे?" त्याने विचारलं.

"मग काय, वायफाय?"

लुईस खो खो हसला आणि मग रुमाल काढून नाक पुसत राहिला. सुशांत दोनदा सॉरी म्हणाला. ती म्हणाली सॉरी राहू दे, घोडा का मारलास ते सांग. तो म्हणाला, फुकट होता. ती म्हणाली, तिथेच तर.

लुईसने बाहेर जाऊन जाहीर केलं की तपासणी झाली, काही मिळालं नाही, तक्रार सुशांतने मागे घेतली, निकाल आहे तो कायम. का, कसं, कोणी विचारलं तर त्याने चष्म्यावरून असं बघितलं की पुढचं कोणी विचारेना.

७

पाचव्या फेरीला थोडा वेळ होता. मी तिच्या मनगटाचा पट्टा बघायच्या निमित्ताने आत गेलो. तो घामाने सुटत आला होता. नवा घेतला, उजव्या हाताला बांधला.

"तुम्हाला वार कसे माहीत?" तिने विचारलं. "तुमच्या घरी कोणी आहे?"

"होती."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच.

"आमच्याकडे ना," ती म्हणाली, "एखादी खुर्ची रिकामी झाली की सिस्टर सांगतात, त्यांनी शिफ्ट बदलली. नाहीतर, दुसऱ्या सेंटरला गेल्या. सगळ्यांच्या बाबतीत हेच सांगतात. आम्ही पण हो म्हणतो. कोणी पुढे विचारत नाही. जानकीकाकूंचं सांगितलं, ठाण्याच्या सेंटरला गेल्या, मुलीकडे."

आम्हाला मुलगी नाही. मूलच नाही.

"मी म्हटलं, ठाण्यात असतील तर स्पर्धेचं कळेल त्यांना," ती पुढे म्हणाली. "कोणीतरी बोलेल की मुलुंडला एका मुलीने चौथ्या चालीला राजा हलवला. मग त्या हुडकत येतील. म्हणून आज आले मी. पहिल्यांदाच स्पर्धा खेळतेय."

ती वाट बघत होती. मला दोन्ही उत्तरं येत होती. सिस्टरचं उत्तर सोपं होतं, आणि तिला पुढचा डाव खेळायचा होता. पण ते ऐकायचं असतं तर तिने माझ्यापुढे हा विषय काढला नसता. इतके महिने तिने कोणालाच विचारलं नव्हतं.

"गेल्या पावसाळ्यात गेली," मी म्हटलं. "घरीच. सकाळी."

तिने डोळे मिटले. रडली नाही. पटावर अडचण आली की मिटते, तसेच मिटले. बाहेर मेलनी माइकवर जोड्या वाचत होती.

"माहीत होतं," डोळे न उघडताच ती म्हणाली. "शनिवारी खुर्चीवर नवीन माणूस होता. ठाण्याला जाणारी बाई मला सांगितल्याशिवाय गेली नसती. डाव अर्धा राहिला होता आमचा."

"कोण जिंकत होतं?"

"त्याच." मग डोळे उघडून म्हणाली, "म्हणजे तुम्ही ते. काकूंचे. आधी हात, मग चहा."

जानकीने हेही सांगितलं होतं. मला वाटत होतं ते आमच्या दोघांतलं आहे.

अक्षताने बाही वर केली आणि डावा हात टेबलावर माझ्यापुढे ठेवला, तळवा वर.

"आज गडबडीत आईने बघितलंच नाही," ती म्हणाली. "आणि मघाशी सुशांतने जोरात धरला होता. तुम्ही बघता का जरा?"

मी दोन बोटं ठेवली. जरा खाली लागेना, मग वर सरकवली. लागलं. गेल्या पावसाळ्यापासून माझ्या बोटांना ते लागलं नव्हतं. मी नको इतका वेळ बोटं तशीच ठेवली असतील, पण तिने हात काढून घेतला नाही.

"चालू आहे," मी म्हटलं.

"मग चहा मागवा," ती म्हणाली. "मला अर्धाच."